झोपेची पडताळणी

नमुना सहा, पत्त्याचा रकाना:
'रे रोड, गोदामाची भिंत,
बेस्टचा खांब क्रमांक एकशे चौदा.'
अक्षर माझं. सही तिची,
सुरंगा काळे, शेवटचा काना द्यायला विसरली,
मग फाटकापासून परत येऊन दिला.

वयाचा दाखला आमच्याच शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडला.
दीड वर्ष आली होती, पहिली आणि अर्धी दुसरी.
जन्मतारीख एक जून.
ज्यांची कुणालाच आठवत नाही
त्या सगळ्यांची एक जूनच असते,
मास्तरांनी वाटलेला वाढदिवस.
माझ्या आईचाही तोच.

नियम असा, की घर नसेल तर
बीएलओने रात्री जावं,
एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा जावं,
आणि अर्जदार सांगितल्या जागी खरंच झोपतो का
ते पाहावं.
दिवसा मी चौथीला भागाकार शिकवते.
रात्री अकराला, नवऱ्याला कोपऱ्यावर स्कूटरपाशी थांबवून
एका मुलीची झोप तपासायला गेले.

ती जागी होती.
विंचरलेले केस, धुतलेला ड्रेस,
मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत अर्जाची पोच.
'बाई, तुमी येनार म्हनून बसले.'
म्हटलं, अगं, तू झोपलेली दिसायला हवीस.
हसली.
'कुनी येनार असलं की आमाला झोप नसती.
पोलीस, गाडी, पिऊन आलेला कुनी.
आज तुमी.'
शेऱ्यात काय लिहिणार,
अर्जदार जागी आढळली?
पेनाचं टोपण लावलं, घरी आले.

आठवड्याने महापालिकेची गाडी आली.
चादरी, स्टोव्ह, पत्र्याची पेटी, सगळं गाडीत.
त्याच महापालिकेची, जिच्या मतदारांत
मी हिला बसवायला निघाले होते.
दोन खात्यांचं आपसात बोलणं नसतं,
पगार तेवढा एका तारखेला होतो.

दुसऱ्या रात्री खांबाखाली नुसता उजेड.
मंडळी सापडली रस्त्यापलीकडे,
चहाच्या बंद टपरीमागे.
पलीकडे म्हणजे दुसरा प्रभाग.
हद्द रस्त्याच्या मधोमध जाते,
नकाशात जाड रेघ, इथे डांबर.
तिची आई उठून बसली, वैतागली होती:
'ती तिकडंच हाय. एकटी. ऐकतच न्हाई.
म्हनं, पत्ता तिकडला दिलाय.'

मग दिसली.
खांबाच्या अंधाऱ्या अंगाला, भिंतीला पाठ लावून,
गोणपाटावर,
तोंड किंचित उघडं,
एक हात डोक्याखाली, दुसऱ्या मुठीत चपला.
कंटेनर गेला, जमीन हादरली,
पापणी हलली नाही.
मी उभी राहिले
नियमाला लागतो त्याहून जरा जास्त वेळ.
उठवलं नाही.
मोबाइलच्या उजेडात लिहिलं:
'नमूद ठिकाणी झोपलेली प्रत्यक्ष पाहिली. बारा चाळीस.'

विधानसभेच्या यादीत नाव आलं.
पुढे ती यादी फोडून प्रभागाच्या याद्या झाल्या
तेव्हाही बोट टेकवत टेकवत खाली गेले.
घर क्रमांक, शून्य.
शून्याच्या शेजारी सुरंगा.

केंद्र आमचीच शाळा,
खोली दुसरीची, तिने अर्ध्यात सोडलेली.
मी फाटकाबाहेर टेबलावर चिठ्ठ्या शोधून देत होते.
तिने वाकून हळूच विचारलं,
'बाई, नगरसेवक खांबाचं बघतो का गाडीचं?'
दोन्हीचं, म्हटलं.
मग प्रामाणिकपणे जोडलं, बघायला हवं.

बाहेर आली ती डाव्या बोटावर फुंकर घालत,
शाई वाळली होती तरी.
चिठ्ठी घडी करून पुन्हा त्याच पिशवीत ठेवली.
'बाई, आता आईजवळ झोपले तर चालंल?
पलीकडं?'

चालेल, म्हटलं.
पण मग नमुना आठ भरावा लागेल.
शनिवारी रात्री येते.